बॅबिलोनची झुलती बाग : होती, नव्हती, की पत्ताच चुकला?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

सात आश्चर्यांची यादी शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलेली आहे. त्यातला गिझाचा पिरॅमिड अजून उभा आहे. इफेससच्या आर्टेमिस मंदिराचा पाया सापडला, हॅलिकार्नाससच्या थडग्यावरची शिल्पं लंडनला जाऊन बघता येतात, अलेक्झांड्रियाच्या बंदरात समुद्रतळाशी दीपगृहाचे म्हणून प्रचंड दगड मिळालेत. बॅबिलोनच्या बागेची मात्र एक वीटसुद्धा "ही तिचीच" म्हणून कोणी छातीठोकपणे दाखवू शकलेलं नाही.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. नबुकदनेझर दुसरा (राज्यकाळ इ.स.पू. ६०५ ते ५६२) याची राणी आमितिस डोंगराळ मीडिया देशातली (आजच्या इराणात). बॅबिलोनच्या सपाट, रखरखीत मैदानात तिला करमेना. मग राजाने तिच्यासाठी टप्प्याटप्प्याने चढत जाणारा कृत्रिम डोंगर बांधला आणि त्यावर झाडं लावली. झालं, प्रेमकथाही झाली आणि आश्चर्यही.

आता गंमत बघा. हा नबुकदनेझर बढाया मारण्यात जराही कमी नव्हता. त्याच्या नावाचा शिक्का असलेल्या विटा बॅबिलोनमध्ये ढिगाने सापडतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या बगदादच्या प्रतिनिधीच्या हाती लागलेला त्याचा एक मोठा शिलालेख आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात तट, देवळं, राजवाडा, देवदाराच्या तुळया, डांबर, भाजक्या विटा, सगळं सविस्तर येतं. बागेबद्दल चकार शब्द नाही. इ.स.पू. पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हिरोडोटस बॅबिलोनच्या तटाची मापं (तीही फुगवून) देतो, देवळाचं वर्णन करतो, लोकांच्या लग्नाच्या चालीरीतींवर पानं खर्च करतो. बाग? नाही.

बाग पहिल्यांदा भेटते ती बेरोससकडे. हा बॅबिलोनमधलाच, मार्दुक या तिथल्या मुख्य देवाचा पुजारी. त्याने इ.स.पू. २९०च्या सुमारास आपल्या देशाचा इतिहास ग्रीकमध्ये लिहिला. तो ग्रंथ हरवला. त्यातला बागेचा उतारा आपल्याला मिळतो तो जोसेफस या ज्यू इतिहासकाराच्या लिखाणात, म्हणजे साडेतीनशेहून जास्त वर्षांनी आणि दुसऱ्याच्या हातून. मीडियाची राणी तिथे आहे.

त्यानंतर ग्रीक इतिहासकार डिओडोरस येतो, इ.स.पू. पहिल्या शतकात. त्याच्याकडे राजाचं नावच नाही. कोणी एक सिरियन राजा, आणि राणीऐवजी पर्शियाची एक रखेल. पण बांधकाम कसं होतं ते मात्र तो गवंड्याच्या बारकाईने सांगतो. एकेक बाजू चार प्लेथ्रा, म्हणजे साधारण १२० मीटर. नाट्यगृहाच्या पायऱ्यांसारखे चढते टप्पे. सगळ्यात वरचा टप्पा ५० हात उंच. २२ फूट जाडीच्या भिंती, त्यांवर दगडी तुळया, त्यांवर डांबरात बुडवलेल्या बोरूचा थर, मग भाजक्या विटांचे दोन थर, मग शिशाचे पत्रे आणि त्यावर माती. नदीचं पाणी वर चढवणारी यंत्रं आत लपवलेली, बाहेरून दिसू नयेत अशी. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो तर सरळ सांगतो की पाणी मळसूत्री पंपांनी चढवत.

माझं मत इथूनच सुरू होतं. या गोष्टीतला राजा बदलतो, राणी बदलते, तिचं माहेर बदलतं. डांबर, शिसं, पाणी चढवण्याची सोय मात्र ठाम आहे. प्रेमकथा हा भाग सगळ्यात कच्चा आणि बांधकामाचा तपशील सगळ्यात पक्का. असं काहीतरी कोणीतरी कुठेतरी प्रत्यक्ष पाहिलं होतं.

कुठे, याचं एक उत्तर ऑक्सफर्डच्या स्टेफनी डॅली यांनी दिलं आहे (त्यांचं पुस्तक २०१३ साली आलं): बॅबिलोनमध्ये नाही, तिथून साडेचारशेएक किलोमीटर उत्तरेला, आजच्या मोसुलजवळच्या निनवेत. आणि बांधणारा असीरियाचा राजा सेन्नाकेरिब, नबुकदनेझरच्या शंभर वर्षं आधीचा.

हा सेन्नाकेरिब बागेबद्दल नबुकदनेझरसारखा गप्प बसलेला नाही. आपल्या राजवाड्याला तो "अतुलनीय" म्हणतो, शेजारी अमानुस पर्वतासारखी बाग केली म्हणतो, आणि दिवसभर पाणी उपसण्यासाठी काशाचे दोर, साखळ्या आणि मोठाले नळकांडी ओतून घेतल्याचं सांगतो. इतकं मोठं ओतकाम आपल्याला चिल्लर पाडण्याइतकं सोपं गेलं, अशी शेखीही मिरवतो! डॅलींच्या मते ही नळकांडी म्हणजे मळसूत्री पंपच, आर्किमिडीजच्या चारेकशे वर्षं आधीचे.

पाणी आणलं होतं खिनिसच्या खिंडीतून, सुमारे ५० किलोमीटरवरून. वाटेत जेरवान इथे एक ओढा आडवा येतो. त्यावरून कालवा नेण्यासाठी इ.स.पू. ६९०च्या सुमारास बांधलेला दगडी जलसेतू अजून आहे. जवळपास २८० मीटर लांब, वीस लाखांच्या आसपास दगड. खोल दऱ्यांवरून पांढऱ्या दगडाचा सेतू बांधून मी पाणी नेलं, असं राजाने त्याच दगडांवर कोरून ठेवलं आहे. त्याचा नातू अशुरबानिपाल याच्या राजवाड्यातलं एक शिल्प ब्रिटिश म्युझियममध्ये आहे: झाडांनी भरलेली टेकडी, माथ्यावर खांबांचा मंडप, कमानींवरून येणारं पाणी आणि उतारावर पसरणारे पाट.

आणि राणी? सेन्नाकेरिबने ताश्मेतु-शर्रात या आपल्या लाडक्या राणीसाठी वाडा बांधल्याचं कोरून ठेवलंय. देवीने हिच्याइतकं देखणं दुसऱ्या कोणत्या बाईला घडवलं नाही, असं तो लिहितो. आमितिसचं नाव एकाही बॅबिलोनी लेखात नाही. ही बाई मात्र खरोखर होती.

तर माझा कौल निनवेला. बोला.

---

खडूस_काका

लेख झकास. पण कौल घाईचा वाटतो. पत्रावर पत्ता बॅबिलोनचा, पाठवणाऱ्याचं नाव नबुकदनेझरचं, आणि तुम्ही पोचवताय निनवेला. डिओडोरसने त्याच ग्रंथात निनवेचं वेगळं वर्णन केलंय. त्याला ही दोन शहरं वेगळी आहेत हे माहीत होतं की.

---

उंबरठा

@खडूस_काका, माहीत होतं, पण याच डिओडोरसने निनवे युफ्रेटिसच्या काठी नेऊन ठेवलंय. ते आहे तैग्रिसवर. भूगोलाच्या बाबतीत त्याच्यावर किती भार टाकायचा ते तुम्हीच ठरवा.

---

वसईकर

आमच्या मराठी बायबलात ही दोन्ही मंडळी आहेत, नबुखद्नेस्सर आणि सन्हेरीब. दानीएलाच्या पुस्तकात चौथ्या अध्यायात राजा आपल्या महालाच्या गच्चीवर फिरतोय आणि हा थोर बाबेल मीच बांधला ना, असं म्हणतोय. गच्चीवर उभा राहून बढाई चालली आहे, आणि तिथेही बाग नाही!

उलट यहूदीथच्या पुस्तकाची सुरुवातच नबुखद्नेस्सर हा निनवेत राज्य करणारा अश्शूरांचा राजा अशी होते. म्हणजे जुन्या लोकांच्या डोक्यात या दोघांची सरमिसळ झालेली होती हे नक्की. उंबरठा यांच्या बाजूने एक मत.

---

बर्लिनचा_बाळू

कोल्डवेचं नाव कसं नाही आलं अजून?

रॉबर्ट कोल्डवे, जर्मन उत्खननकार. १८९९ ते १९१७ सलग बॅबिलोन खणलं. इश्तार दरवाजाच्या निळ्या विटा त्यानेच आणल्या, इथे पेर्गामोन संग्रहालयात तो जोडून उभा केलाय (सध्या दुरुस्तीसाठी बंद, कोणी येणार असाल तर आधी चौकशी करा). तर या कोल्डवेला राजवाड्याच्या ईशान्य कोपऱ्यात जमिनीखाली कमानदार छताच्या १४ खोल्या सापडल्या. भिंती जाड. वर दगड वापरलेला, आणि बॅबिलोनमध्ये दगड म्हणजे दुर्मीळ वस्तू. शिवाय एका खोलीत शेजारी शेजारी तीन भोकांची विहीर. मधल्यातून माणूस उतरणार आणि बाजूच्या दोन्हींतून पोहऱ्यांची माळ वर-खाली फिरणार, असं त्याने मांडलं. आपलं रहाटगाडगंच. गडी खूश, बाग सापडली म्हणून जाहीर केलं.

पुढे त्याच इमारतीत मिळालेल्या मातीच्या पाट्या वाचल्या गेल्या. १९३९ साली वाइडनर या अभ्यासकाने त्या छापल्या. निघाला काय तर तेलाचा हिशोब! कोणाला किती तेल द्यायचं त्याच्या नोंदी. त्यात यहूदाचा राजा यहोयाखीन आणि त्याच्या पाच मुलांचा शिधासुद्धा. म्हणजे तो कोठीघराचा भाग होता. नदीपासूनही लांब.

---

वसईकर

@बर्लिनचा_बाळू, अहो हा यहोयाखीन म्हणजे २ राजे, अध्याय २५! बाबेलात कैदेत असलेल्या त्याला राजाकडून रोजचा शिधा मिळे असं तिथे लिहिलंय. बाग शोधायला गेले आणि बायबलातल्या राजाचं रेशनकार्ड सापडलं. हे मला बागेपेक्षा भारी वाटलं.

---

सिव्हिलवाला

बऱ्याच दिवसांनी आमच्या कामाचा धागा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवर भांडण्यात हयात गेली, म्हणून आकडेमोड करून बघितली.

आज घराच्या स्लॅबला वापराचा भार चौरस मीटरला साधारण २०० किलो धरतात. मोठ्या झाडासाठी दोन मीटर माती हवी. ओली माती घनमीटरला १.८ टन धरली तर चौरस मीटरवर ३,६०० किलो. अठरा पट. १२० बाय १२० मीटरवर ती सगळीकडे पसरली तर पन्नास हजार टनांवर जाते. २२ फुटी भिंती आणि अरुंद गाळे का, ते इथे कळतं. डिओडोरस दोन भिंतींमधली वाट १० फूट देतो. म्हणजे स्पॅन लहान ठेवलाय. हे ऐकीव गप्पांतून येत नाही, कोणा बांधकामवाल्याकडून आलंय.

आता पाणी. १४,४०० चौरस मीटर, इराकचा उन्हाळा, दिवसाला ९ मिलिमीटर धरा. रोज १,३०,००० लिटर. ते २० मीटर चढवायचं. ऊर्जा निघते सात युनिट. हो, फक्त सात. दिवसभर राबणारा माणूस अर्ध्या युनिटइतकं काम करतो. निम्मं घर्षणात आणि गळतीत गेलं म्हणा, तरी तीसेक माणसांत भागतं. पाळ्या लावल्या तर शंभर. राजाला त्याचं काय? तेव्हा पाणी इतकं वर चढवणं अशक्य होतं हा मुद्दा बाद.

खरी अडचण ओलीची आहे. बॅबिलोनचं बहुतेक बांधकाम कच्च्या विटेचं. त्यावर वर्षानुवर्षं बाग भिजवायची म्हणजे खालची भिंत चिखल होणार. त्यावर उपाय डांबर, बोरू, भाजकी वीट, शिसं. तेही बरोबर क्रमाने: लवचीक थर खाली, कडक मध्ये, पाणी अडवणारा धातू वर. आमच्याकडचा एक कंत्राटदार हाच क्रम उलटा लावून गेला होता, पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यापर्यंत पाणी झिरपलं. त्याचं नाव घेत नाही, पोटावर पाय नको.

---

मावळतीची

@सिव्हिलवाला, दंडवत घ्या. वाचनखूण साठवली.

पण यातून निनवे कसं सिद्ध होतं? डांबर आणि बोरू हे तर बॅबिलोनचं खास साहित्य. तिथल्या जुन्या मनोऱ्यांत विटांच्या थरांमध्ये बोरूच्या चटया आणि डांबर घालत. निनवेजवळ दगड मुबलक. दगडाच्या टेकडीवर बाग करायला हा सगळा खटाटोप कशाला?

---

उंबरठा

@मावळतीची, प्रश्न चोख आहे. डॅलींची बाजू अशी की निनवेतही राजवाड्यालगत कृत्रिम उंचवटा उभारला होता आणि झाडं कमानींवर पेललेली होती. सेन्नाकेरिबच्या राजवाड्यातलं एक शिल्प आज हरवलंय, पण उत्खननाच्या वेळी केलेलं त्याचं रेखाटन शिल्लक आहे. त्यात खांबांच्या ओवरीवर, छतावर, झाडं उभी दिसतात. छतावर झाडं म्हणजे खाली ओल अडवणं आलंच.

---

खडूस_काका

आता माझा जुना हट्ट. बेरोसस हा परका ग्रीक नव्हे, घरचा माणूस. मार्दुकच्या देवळात वाढलेला, कीलाक्षरं वाचणारा. जोसेफसने दिलेल्या त्याच भागात तो ग्रीक लेखकांना झोडतोय की बॅबिलोन सेमिरामिस या असीरियाच्या राणीने बांधलं असं खोटंच लिहितात म्हणून. इतरांची अशी गफलत पकडणारा माणूस स्वतःच्या गावात नसलेली बाग घुसडेल?

आणि सेन्नाकेरिबने इ.स.पू. ६८९ मध्ये बॅबिलोन जमीनदोस्त केलं, कालव्यांचं पाणी सोडून बुडवलं. खिनिसच्या कड्यावर एकाच लेखात त्याने आपल्या कालव्यांचं कौतुक आणि बॅबिलोनचा नाश दोन्ही कोरलंय. ज्याने गाव बुडवलं त्याची बाग बॅबिलोनचा पुजारी आपल्या राजाच्या नावावर कशाला चढवेल? चोरीच करायची तर शत्रूच्या घरची?

---

वसईकर

@खडूस_काका, शत्रूच्या घरचीच तर चोरतात!

---

चिकित्सक

दोन्ही बाजूंना थोडं थांबवतो.

शिलालेख गप्प आहेत हा पुरावा दिसतो तितका दणकट नाही. नबुकदनेझरचे लेख मुख्यतः देवांना उद्देशून असतात: देवा, तुझं मंदिर बांधलं, तुझा तट मजबूत केला. राणीच्या हौसेची बाग देवाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. शिवाय बॅबिलोनचा बराच भाग अजून खणलेलाच नाही. भूजल इतकं वर आहे की कोल्डवेला हम्मुराबीच्या (नबुकदनेझरच्या हजारहून जास्त वर्षं आधीच्या बॅबिलोनी राजाच्या) काळापर्यंत नीट उतरताही आलं नाही. युफ्रेटिसचं पात्रही तेव्हापासून सरकलंय. राजवाड्याच्या पश्चिमेला नदीलगत अवाढव्य जाडीच्या भिंतींचं एक बांधकाम आहे, काही अभ्यासक बाग तिथे असावी म्हणतात. ते ठिकाण कोल्डवेच्या कोठीघरापेक्षा शहाणपणाचं आहे, कारण पाणी हाताशी.

निनवेची बाजूही तशीच लंगडी. कालवा, जलसेतू, बाग, तिन्ही खरे, वाद नाही. पण निनवे इ.स.पू. ६१२ मध्ये जळून गेलं. बागेची वर्णनं त्यानंतर तीनशे ते सहाशे वर्षांनी लिहिली गेली. ग्रीकांना निनवेची बाग कोणी दाखवली? डॅली म्हणतात, इ.स.पू. ३३१ मध्ये गौगमेलाच्या लढाईपूर्वी सिकंदराचं सैन्य त्याच भागात होतं, जेरवानचा सेतू त्यांनी पाहिला असेल. असेल. पण सेतू पाहणं वेगळं आणि बाग पाहणं वेगळं. उलट बॅबिलोनमध्ये सिकंदर राहिला, तिथेच इ.स.पू. ३२३ मध्ये वारला. त्याच्याबरोबरच्या लोकांनी तिथे काय पाहिलं ते पुढच्या लेखकांपर्यंत आलं. त्यांनी नबुकदनेझरच्या राजवाड्यावरची एखादी बरी गच्चीबाग पाहिली असेल आणि पुढे लिहिणाऱ्यांनी ती फुगवली असेल, ही तिसरी शक्यता मला सगळ्यात मानवते. आश्चर्य नसेल, पण बाग असेल.

अवांतर: बॅबिलोनच्या राजवाड्यावर आज जे उंच, कोरेकरकरीत तट दिसतात ते सद्दाम हुसेनने १९८०च्या दशकात चढवलेले आहेत, आणि त्याच्याही नावाच्या विटा त्यात आहेत. २००३ नंतर तिथे अमेरिकी लष्करी तळ बसला, त्यानेही नासधूस केली. २०१९ साली युनेस्कोच्या यादीत नाव लागलं. तिथे बाग शोधायची तर आधी सद्दाम खरवडावा लागेल.

---

गिरगावकर

मलबार हिलच्या हँगिंग गार्डनचा उल्लेख कोणीच करेना? आमची फिरोजशहा मेहता बाग पाण्याच्या टाकीच्या छतावर उभी आहे, १८८० च्या दशकापासून. बॅबिलोनवाल्यांना पाणी बागेपर्यंत चढवावं लागलं, आम्ही बागच पाण्यावर नेऊन ठेवली. सिव्हिलवाला यांनी यावर वेगळा धागा काढावा ही विनंती. (म्हातारीचा बूट समोरच्या बागेत आहे, ह्या बागेत नाही. दर वेळी कोणीतरी घोळ घालतं म्हणून आधीच सांगतो.)

---

सिव्हिलवाला

@गिरगावकर, काढतो. टाकीच्या छताला ओल वरून आणि खालून दोन्हीकडून, विषय मोठा आहे.

---

गच्चीवरची_बाग

सगळे भिंती आणि पंपांवरच भांडताय. लावलं काय होतं ते सांगा ना कोणी!

---

उंबरठा

@गच्चीवरची_बाग ताई, नबुकदनेझरच्या बागेची झाडं सांगणारा एकही समकालीन कागद, म्हणजे पाटी, नाही. पण बॅबिलोनी लोक बागांच्या नोंदी ठेवतच नव्हते असं नाही. इ.स.पू. आठव्या शतकात तिथलाच राजा मर्दुक-अपल-इद्दिन दुसरा याच्या बागेची यादी असलेली पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. साठाहून जास्त वनस्पती: कांदा, लसूण, धने वगैरे. म्हणजे परसबाग, पण राजाची.

सेन्नाकेरिबच्या यादीत मात्र एक भन्नाट गोष्ट आहे. लोकर लागणारी झाडं लावली, ती लोकर वेचून लोकांनी कापड विणलं, असं तो लिहितो. म्हणजे कापूस! मेसोपोटेमियातल्या कापसाच्या सर्वांत जुन्या लेखी उल्लेखांपैकी हा एक, आणि ही झाडं भारताच्या बाजूने तिकडे गेली असावीत असं अभ्यासक मानतात.

---

मावळतीची

कापसाची "झाडं" हे बाहेरच्यांना विचित्र वाटेल, पण आपल्याकडे वातींसाठी परसात देवकापूस लावतात, तो चांगला डोक्याच्या वर जातो. तसलंच काहीतरी असणार.

---

गच्चीवरची_बाग

माझ्याकडे ड्रममध्ये आहे देवकापूस, आठ फुटांवर गेलाय. बोंडं फुटली की लोकर लागल्यासारखाच दिसतो. सेन्नाकेरिबला माझं मत. आणि सिव्हिलवाला काका, दोन मीटर मातीची काही गरज नाही हो, दोनशे लिटरच्या ड्रमात भागतं.

---

सिव्हिलवाला

ड्रमाखाली स्लॅबला तडे नाहीत ना, तेवढं बघून घ्या. भरलेला ड्रम साडेतीनशे किलोचा होतो. कोपऱ्यात, कॉलमच्या वर ठेवा, मधोमध नको.